पाकीट फोडल्यावर

(जालना येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्या विज्ञानाच्या वर्गात मी दोन वर्षं बसलो. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक टेबल. आम्ला‍ची बाटली कपाटातून काढण्याआधी ते मुलाला एकच प्रश्न विचारायचे, "सांडलं तर काय करशील?" उत्तर देता आलं तरच बाटली हातात. नाही तर जागेवर बस. पुढे मी कृषी खात्यात गेलो, गुणनियंत्रणाच्या कामात बरीच वर्षं काढली, बियाण्याचे आणि औषधांचे नमुने घेतले, कोर्टात साक्षी दिल्या. पण गुरुजींचा हा प्रश्न मला कुठल्याही परिपत्रकात सापडला नाही.

विषय पत्रिकेत जड शब्दांत छापला आहे: घातक वस्तू आणि तंत्रज्ञान यांचं शासकीय नियमन. मी तो हलका करणार नाही, फक्त जालन्यात आणून ठेवणार आहे. कारण या विषयावर बोलायला जालन्याइतकी योग्य जागा देशात दुसरी नसेल. 'जालना सोन्याचा पालना' असं जुनी माणसं म्हणायची. ते सोनं बाजारपेठेचं होतं. आपल्या डोळ्यांदेखत त्याची जागा बियाण्याने घेतली. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको सुरू केली, तीही भेंडीच्या बियाण्यावर हात बसवल्यानंतर. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देऊळगाव राजाच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना शेडनेट दिसतात, त्यांत मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन. कापसाच्या प्लॉटवर आपल्या बायाबापड्यांनी संध्याकाळी कळी सोलायची, पुंकेसर नखाने काढून टाकायचे, आणि सकाळी नराचं फूल आणून त्यावर घासायचं. एका बोंडामागे दोन खेपा. या सभागृहातली निम्मी घरं या धंद्यावर उभी आहेत, माझ्या सासऱ्यांचं धरून. म्हणून आधीच सांगतो, मी बियाण्याच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. इथल्या स्टीलच्या भट्ट्यांच्या धुराबद्दलही आज बोलणार नाही. त्याला वेगळं व्याख्यान आणि वेगळी छाती लागेल.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपण दुकानात जातो आणि काय मागतो? औषध. "कपाशीवर औषध मारलं." "पंधरा लिटरच्या पंपाला किती टोपणं औषध?" जे मारण्यासाठीच बनवलेलं आहे त्याला आपण औषध म्हणतो. आणि गावात कुणी जीव दिला तर त्यालाही तोच शब्द, "औषध पिला." एकच शब्द पिकाला, किड्याला आणि माणसाला. भाषेनेच जिथे विषावरची चिठ्ठी काढून टाकली आहे, तिथे कायद्याने काय करायचं?

कायद्याने काय केलं ते सांगतो. त्याने चिठ्ठी लावली. पण कधी लावली?

१९५८ साली केरळात विषबाधा झाली. जहाजातून धान्य आलं, त्याच जहाजातून पॅराथिऑन हे कीटकनाशकही आलं. ते गळलं, धान्यात उतरलं. शंभरावर माणसं गेली. गुरुजींच्या भाषेत, सांडलं. चौकशी आयोग बसला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, देशाला कीटकनाशक कायदा मिळाला, आणि त्याचे नियम १९७१ साली. म्हणजे अपघात ते नियम, तेरा वर्षं. आपल्याकडे घातक वस्तूंचे कायदे असेच जन्मतात. आधी तिरडी, मग समिती, मग विधेयक.

त्या नियमांनी बाटलीवर एक चौकोन आणला. टोकावर उभा केलेला, पतंगासारखा. खालचा अर्धा त्रिकोण रंगीत: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. अक्षर न येणाऱ्या माणसाला रंग कळेल, ही त्यामागची कल्पना, आणि कल्पना चांगलीच आहे. पण मी एकदा घनसावंगीच्या बाजूला एका बांधावर फवारणी करणाऱ्या गड्याला विचारलं, हिरवा त्रिकोण म्हणजे काय? तो म्हणाला, "हिरव्या पिकावर मारायचं." आणि लाल? "लाल कोळ्यावर." चुकलं कुठे त्याचं? रंग त्याला दाखवले, अर्थ कुणी सांगितला नाही. बाटलीला चिकटवलेली घडीची पत्रिका उघडली तर ती मुंगीएवढ्या अक्षरांत अनेक भाषांत. त्यात लिहिलेलं असतं: हातमोजे घाला, चष्मा लावा, तोंडाला मुखपट्टी बांधा, वाऱ्याच्या दिशेने फवारा. ऑक्टोबरच्या उन्हात, छातीएवढ्या पऱ्हाटीत, पाठीवर भरलेला पंप घेऊन, रोजाने आलेल्या माणसाने. त्याने हातमोजे घालायचे तर आणायचे कुणी? मालकाने? दुकानदाराने? कंपनीने? कायद्याच्या साखळीत उत्पादक आहे, विक्रेता आहे, निरीक्षक आहे, विश्लेषक आहे. पाठीवर पंप असलेला गडी त्या साखळीत कुठे आहे ते मला नोकरीभर सापडलं नाही.

तो सापडला २०१७ साली, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात. त्या खरिपात कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती, हवेत दमटपणा होता, अळीच्या भीतीने लोकांनी दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र करून मारली. बारीक तुषार उडवणारे बॅटरीवरचे पंप नवे आले होते. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर अ‍ॅट्रोपीन हा उतारा चालतो. पण पोटात, श्वासात आणि कातडीवर मिसळलेलं मिश्रण असेल, आणि त्यातल्या एखाद्या रसायनाला उताराच नसेल, तर डॉक्टरांनी काय द्यायचं?

मग सरकारने काय केलं? राज्याने त्या नोव्हेंबरात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर त्या भागातल्या पाच जिल्ह्यांत बंदी घातली. किती दिवस? साठ. साठच का? कारण १९६८च्या कायद्याचं कलम २७ राज्याला तेवढाच अधिकार देतं. साठ दिवस, फार तर आणखी तीस. कायमची बंदी घालायची तर दिल्लीने. मरणारा माणूस राज्याचा, पोलीस राज्याचे, दवाखाना राज्याचा, आणि बाटली मात्र केंद्राची.

या साठ दिवसांवरून एक गोष्ट आठवते, थोडं परदेशात जाऊ. १९६० साली अमेरिकेच्या औषध खात्यात फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई रुजू झाल्या. त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइड नावाच्या झोपेच्या गोळीचा अर्ज आला. युरोपात ती बिनधास्त विकली जात होती. तिथेही नियम साठ दिवसांचा होता, पण उलटा: साठ दिवसांत सरकारने हरकत घेतली नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. बाई दर वेळी मुदत संपायच्या आत कंपनीला लिहायच्या, ही माहिती अपुरी आहे, आणखी द्या. पुन्हा साठ दिवस. पुन्हा पत्र. कंपनीचे लोक वरच्या साहेबांकडे तक्रारी करत होते. दरम्यान युरोपातून बातमी आली की ती गोळी घेतलेल्या गरोदर बायांना हात-पाय नसलेली मुलं होत आहेत. १९६२ साली अमेरिकेने कायदाच बदलला. बाईंनी कुठलीही बंदी घातली नव्हती. त्यांनी फक्त, सांडलं तर काय, याचं उत्तर येईपर्यंत बाटली कपाटात ठेवली.

आपल्याकडे उत्तर मिळाल्यावरही बाटली बाहेरच राहते. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक घ्या. ते किती जहाल आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं. २००५ साली भाजीपाल्यावर ते वापरायला बंदी झाली. पण कपाशीवर चालू! आता एकाच शेतकऱ्याच्या एका वावरात कपाशी आणि शेजारच्या वाफ्यात वांगी. बाटलीने कसं ओळखायचं? २०१३च्या जुलैत बिहारमध्ये छपऱ्याजवळ शाळेच्या जेवणात तेच विष गेलं, तेवीस मुलं मेली. तरीही द्रवरूपातल्या या औषधावर पूर्ण बंदीचा आदेश यायला २०२३ उजाडलं.

आता माझ्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, आणि इथे मला जरा जास्त वेळ लागणार आहे, कारण हा मुद्दा आपल्या घरचा आहे. परवानगी.

२६ मार्च २००२. दिल्लीत पर्यावरण मंत्रालयाच्या समितीने बीटी कापसाला मंजुरी दिली. भारतातलं पहिलं जनुक बदललेलं पीक. तीन संकरित वाण होते, तिन्ही महिकोचे, आणि परवानगी तीन वर्षांची. जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक सरकीत घातलं होतं. त्यामुळे विष झाडातच तयार व्हायचं, आणि अळीने पान खाल्लं की ते तिच्या पोटात काम करायचं. त्या मंजुरीची तयारी १९९६ पासून चालली होती, परदेशातून आणलेल्या अवघ्या शंभर ग्रॅम बियाण्यापासून. शंभर ग्रॅम म्हणजे चहाच्या टपरीवरच्या साखरेच्या वाटीएवढं. आणि दहा-बारा वर्षांत देशातल्या कापसाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर ते पसरलं.

ते पसरलं कारण ते चाललं. हे कबूल करायला आपल्यातल्या काही मित्रांना जड जातं. मला जात नाही. हिरव्या बोंडअळीने शेतकऱ्याचं काय केलं होतं ते मी पाहिलेलं आहे. आठवड्याला फवारणी, तरी अळी पंपाखालून जिवंत. बीटी आल्यावर पहिली काही वर्षं फवारण्या खरंच कमी झाल्या, बोंडं हातात आली. तेव्हा सरकारने परवानगी दिली ती चूक, असं मी म्हणणार नाही.

परवानगी एका अटीवर होती. बीटीच्या शेताभोवती बिगर बीटी कपाशीच्या पाच ओळी, किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढं लावायचं. इंग्रजीत त्याला रेफ्यूज म्हणतात, आपल्या लोकांनी त्याचं 'रेफ्युजी' केलं. निर्वासित! आणि अगदी बरोबर केलं, कारण त्या बियाण्याला कुणी घरात घेतलं नाही. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटासोबत एकशेवीस ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं. त्याचं आपण काय केलं? बांधावर टाकलं. तूट भरायला टोबलं. म्हशीच्या आंबोणात घातलं.

का लावायचं होतं ते? गोष्ट साधी आहे. हजार अळ्यांत एखादी अशी असते जिला बीटीचं विष बाधत नाही. शेतात सगळीकडे बीटीच असेल तर बाकीच्या मरतात, आणि उरतात फक्त या पचवणाऱ्या. त्या आपसांत संसार करतात आणि पुढची पिढी सगळी पचवणारी निघते. पण शेजारी बिगर बीटीच्या ओळी असतील तर तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग या निवडक पतंगांशी जुळतात, आणि संतती पुन्हा मरणारी निघते. म्हणजे थोड्या अळ्या मुद्दाम पोसायच्या. आता मला सांगा, ज्याने दोन एकरांसाठी सावकाराकडून पैसे आणलेत, त्याला कुणी जाऊन सांगितलं का, की बाबा, सोळा गुंठ्यांवर अळी पोसायला ठेव, पुढच्या दहा वर्षांसाठी? आणि सांगितलं असतं तरी त्या सोळा गुंठ्यांची तूट त्याने का सोसायची? अट दिल्लीने घातली, नफा कंपनीचा, धोका सगळ्यांचा, आणि त्याग एकट्याचा.

बरं, ही अट पाळली जाते का हे बघायचं कुणी? कागदावर याचं उत्तर आहे. पर्यावरण कायद्याखालच्या १९८९च्या नियमांत जिल्हा पातळीवर एक समिती आहे, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. जनुक बदललेल्या पिकांवर नजर ठेवणं हे तिचं काम. या सभागृहात महसूल खात्यातली निवृत्त मंडळी बसली आहेत, कृषी खात्यातली आहेत, दोन पत्रकार मला समोर दिसत आहेत. या समितीच्या बैठकीची बातमी तुमच्यापैकी कुणी कधी वाचली? हात वर करा. (सभागृहात हशा.) हसू नका, मीही हात वर करू शकत नाही. आणि मी खात्यात होतो.

यात एक चमत्कारिक गोष्ट बघा. याच सरकारने याच पाकिटाची किंमत रुपयापर्यंत ठरवून दाखवली. सुरुवातीला पाकीट सोळाशे रुपयांच्या वर होतं. २००६ साली आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेलं, किंमत साडेसातशेवर आली. २००९ साली महाराष्ट्राने कापूस बियाण्याचा स्वतःचा कायदा केला. २०१५च्या डिसेंबरात केंद्राने देशभरासाठी आदेश काढला, आणि तेव्हापासून दरवर्षी किंमत दिल्लीत ठरते. २०२५च्या खरिपात ती ९०१ रुपये होती. एक रुपया जास्त घेतला तर दुकानदाराचा परवाना धोक्यात. मग किंमत जमते आणि रेफ्युजी का जमत नाही? कारण किंमत पाकिटावर छापता येते. सरकारला पाकीट दिसतं. पाकीट फोडल्यावर आतल्या वस्तूचं काय होतं, ती कुठल्या हातात, कुठल्या वावरात, कुठल्या पंपात जाते, ते दिसत नाही. त्रिकोण बाटलीवर, किंमत पाकिटावर, परवाना दुकानाच्या भिंतीवर. आपलं सगळं नियमन आवेष्टनाचं आहे. शेवटी शेवटी सरकारलाही हे उमगलं असावं, म्हणून वेगळं पाकीट बंद करून पावणेपाचशे ग्रॅमच्या पाकिटातच बिगर बीटी बी मिसळून द्यायला लागले. शेतकऱ्याला विचारायचंच नाही. हा शहाणपणा आला तेव्हा अळी पुढे निघून गेली होती.

२०१० साली कंपनीनेच सांगितलं की गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. तोवर दोन जनुकांचं दुसरं बीटी, बोलगार्ड-२, बाजारात येऊन चार वर्षं झाली होती. काही वर्षांत गुजरातमध्ये त्याचीही तीच गत झाली. आणि २०१७ साली ती आपल्याकडे आली. तुम्हाला डोमकळी आठवते. फूल उमलतच नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळलेल्या राहतात, उलगडून पाहावं तर आत ती बसलेली. बोंड वरून ठणठणीत, फोडलं की कवडी. त्यात आपण फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड ठेवतो, म्हणजे तिला बारमाही खानावळ. हाही दोष आहे, आणि तो कंपनीचा नाही, सरकारचा नाही, आपला आहे. डोळे मिटून चालणार नाही.

हीच अळी, हेच जनुक अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात होतं. तिथे रेफ्युजी लावणं सक्तीचं होतं, ते लावलं जातंय का हे शेतात जाऊन बघितलं जायचं, आणि पुढे वांझ केलेले पतंग विमानातून सोडून उरलीसुरली अळीही संपवली. २०१८ साली अमेरिकेने जाहीर केलं की आमच्या कापसातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाली. आपल्याकडे ज्या हंगामात तिने वावरंच्या वावरं खाल्ली, त्याच्या पुढच्याच वर्षी. तंत्रज्ञान तेच होतं ना? मग फरक कशात पडला? आपल्या दोन एकरांच्या तुकड्यांवर विमान फिरवता येत नाही, हे मान्य. पण बांधावर माणूस तर फिरवता येतो.

२०१७च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात भरपाई जाहीर झाली. कोरडवाहूला हेक्टरी ३० हजार ८००, बागायतीला ३७ हजार ५००. त्यातले १६ हजार बियाणे कंपन्यांनी द्यायचे होते. त्यासाठी शेतकऱ्याने काय द्यायचं? 'जी' फॉर्म, सातबारा, बियाण्याची पक्की पावती, आणि जमलं तर रिकामं पाकीट. जून महिन्यात पावसाच्या घाईत, उधारीवर, कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या बियाण्याचं रिकामं पाकीट डिसेंबरात कुठून आणायचं? त्या पाकिटांनी बायकांनी चुली पेटवल्या होत्या. बघा, इथेही पाकीटच.

तिसरा मुद्दा बंदीचा. तो लवकर आटोपतो, कारण आपल्याकडे बंदीही लवकर आटोपते.

बीटी कापसाला परवानगी मिळायच्या आदल्याच वर्षी, २००१ साली, गुजरातेत हजारो एकरांवर नवभारत-१५१ नावाची कपाशी सापडली. तिच्यात तेच जनुक होतं, परवानगी कुणाचीच नव्हती. दिल्लीने फर्मान काढलं, उभं पीक जाळा. अळीने खाल्लेल्या वर्षात जी एक कपाशी टिकली होती तीच जाळा म्हणायचं! कोण जाळणार होतं? शेतकऱ्यांनी कापूस वेचला आणि विकला. त्या दिवशी शेतकऱ्याला एक गोष्ट कळली, आणि ती तो अजून विसरलेला नाही.

मग वांगं. बीटी वांगंही महिकोचंच, म्हणजे जालन्याचंच. १४ ऑक्टोबर २००९ ला पर्यावरण मंत्रालयाच्या त्याच समितीने मंजुरी दिली. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी देशात सात ठिकाणी जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपूरला, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली. ती स्थगिती आजतागायत संपलेली नाही. त्याच वर्षी समितीचं नावही बदललं: मान्यता समितीची मूल्यांकन समिती झाली. म्हणजे मान्यता देणारे आम्ही नव्हेच. स्थगिती बरोबर की चूक यावर आपण दोन रात्री भांडू शकतो. माझी तक्रार वेगळी आहे. स्थगिती म्हणजे काय? अमुक चाचण्या राहिल्या आहेत, त्या करा, मग ठरवू. मग त्या चाचण्या कुणी केल्या? बांगलादेशाने तेच वांगं २०१३ साली मंजूर केलं, आणि दुसऱ्या वर्षी वीस शेतकऱ्यांच्या हातात रोपं देऊन सुरुवात केली. वीस! मोजता येतील, रोज जाऊन विचारता येतील एवढेच. आपण एक तर नव्वद टक्के देशाला देतो, नाही तर कुणालाच देत नाही.

आणि कुणालाच देत नाही तेव्हा काय होतं? चोर बीटी होतं. तणनाशक मारलं तरी न मरणारी ही कपाशी, तिला परवानगी नाही. पण विदर्भात आणि आपल्या भागातही ती कुठे मिळते हे विचारायला गुप्तहेर लागत नाही. २०१९च्या जूनमध्ये शेतकरी संघटनेने अकोट तालुक्यात अकोली जहागीर इथे ती जाहीरपणे लावली, पर्यावरण कायद्यात तेव्हा पाच वर्षं कैद आणि लाखाचा दंड होता, हे माहीत असताना. निंदणीला बाई मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण चोर बीटीचं पाकीट निनावी. उगवलं नाही तर तक्रार कुणावर? आत साधी सरकी निघाली तर? पक्की पावती मागायची सोयच नाही. बंदीने ती वस्तू थांबली नाही. बंदीने फक्त पाकिटावरचं नाव पुसलं.

यावरचा कळस २०२२च्या ऑक्टोबरातला. केंद्राने आदेश काढला की ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच फवारावं. पेस्ट कंट्रोल! मुंबईच्या फ्लॅटमध्ये झुरळं मारायला येतो तो. मंठ्याच्या शेतकऱ्याने तण वाढलं की आता त्याला फोन करायचा. हा आदेश ज्याने लिहिला त्याने आयुष्यात बांध पाहिला असेल का, असा प्रश्न मला पडला, आणि लगेच वाटलं, पाहिलाही असेल. पण फाइल निकाली काढायची असेल. बंदी नको, परवानगीही नको, मग काहीतरी असं लिहा की जे कुणी पाळणार नाही आणि कुणी विचारणारही नाही.

वेळ झाली आहे असं अध्यक्ष महाराज घड्याळाकडे बघून सुचवत आहेत. एकच गोष्ट सांगतो, माझ्या स्वतःच्या नोकरीतली. तालुका सांगत नाही.

जूनचा दुसरा आठवडा. पाऊस पडून गेलेला, कृषी सेवा केंद्रासमोर रांग. मी सोयाबीनच्या एका लॉटचा नमुना घेतला. पद्धत अशी असते: दोन पंच, पंचनामा, बॅगेत पोकळ नळीचा बंबू घालून वरून, मधून, तळातून बी काढायचं, एकत्र करायचं, आणि त्याचे तीन हिस्से करायचे. तीन कापडी पिशव्या, दोरा, वर लाख वितळवून मोहोर. एक हिस्सा दुकानदाराला. एक प्रयोगशाळेला. तिसरा कार्यालयात, कोर्टाने मागितला तर दाखवायला. मी लाख लावत असताना रांगेतला एक म्हातारा बराच वेळ बघत होता. म्हणाला, "साहेब, एक दुकानदाराचा, एक सरकारचा, एक कोर्टाचा. आमचा कोणचा?" मी हसून म्हणालो, "बाबा, तुमची अख्खी बॅग." तो बॅग घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याने पेरलं.

अहवाल महिन्याने आला. सोयाबीनची उगवण किमान सत्तर टक्के हवी. त्या लॉटची तीसही नव्हती. तोवर दुबार पेरणीही होऊन गेली होती. आम्ही खटला भरला. १९६६च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड किती, ठाऊक आहे? पाचशे रुपये. १९६६ साली ते पैसे होते. आज कापसाचं एक पाकीट त्यात येत नाही. नवीन विधेयक २००४ साली संसदेत आलं, ते पास झालंच नाही. मी तो खटला चालू असतानाच निवृत्त झालो.

शेवटच्या दिवशी चार्ज द्यायचा होता. माझ्या जागी आलेला पोरगा हुशार, कृषी पदवीधर, नवी सही करायला उत्सुक. कपाट उघडलं. सगळ्यांत खालच्या खणात त्या लॉटचा तिसरा हिस्सा होता. पिशवी हातात घेतली तर हलकी लागली. उलटी केली. मागच्या अंगाने उंदरांनी शिवण कुरतडून भोक पाडलं होतं आणि आतलं सोयाबीन खाऊन टाकलं होतं. चार-दोन टरफलं तेवढी खाली पडली. पुढची लाखेची मोहोर जशीच्या तशी, एक तडा नाही. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. यादीत त्या ओळीपुढे एक रकाना होता, 'स्थिती'. मी थोडा वेळ पेन हातात धरून बसलो आणि लिहिलं, 'सीलबंद'. त्याने खाली सही केली.